पेटीवरचं आडनाव

सकाळी तर्री-पोह्याची प्लेट हातात, अन् जर्मनीतल्या लाइपझिगहून ताईचा फोन. बेकरीत नोकरी लागली! युरोपातली पहिलीच.

भाऊजींना ब्लू कार्डावर (युरोपियन युनियनचा, शिकलेल्या परदेशी नोकरदारांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना) पोलंडमध्ये १२ महिने काढल्यावरच जर्मनीसाठी अर्ज करता आला. मला वाटे, युरोपात देश बदलणं म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जाणं. कायचं काय!

ताईचा टॅक्स नंबर टपालानं यायचा होता, येईचना. का, तर घराच्या टपालपेटीवर फक्त भाऊजींचं आडनाव. हिनं माहेरचं ठेवलेलं. पत्र आल्या पावली परत. शेवटी वहीच्या कागदावर नाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं, तेव्हा कुठे आलं.

आई म्हणाली, "एम.कॉम. झालेली पोरगी बेकरीत? घरी तर कधी पोळी गोल झाली नाही तिची!" अन् लगेच शेजारी संत्रा बर्फी वाटायला गेली.