आमची वाटचाल : भुसावळातलं मान-पाठ उपचार केंद्र

मी आणि माझी पत्नी, दोघंही फिजिओथेरपिस्ट. भुसावळात सुरुवात केली ती भाड्याच्या दोन खोल्यांत, वजनं टांगून मणक्याला ताण द्यायच्या, म्हणजे ट्रॅक्शनच्या, जुन्या खाटेवर. पहिल्यापासून आमच्याकडे येणारी माणसं ठरलेली : रावेर-यावलकडचे केळीचे मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, रेल्वेतले कामगार, जळगावच्या सराफ बाजारातले कारागीर. घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून गाडीपर्यंत न्यायचा, त्यात मान आखडते. वेचणीला दिवसभर ओटी बांधून वाकायचं, कंबर धरते. कारागिराची मान तर तासन्‌तास खालीच असते. ‘भाऊ, कंबर गैरी दुखी ऱ्हायनी’ म्हणत माणूस दारात उभा राहिला की आम्ही आधी त्याचं काम विचारतो, दुखणं नंतर.

बरेच जण येण्याआधी पायाळू माणसाचा पाय लावून आलेले असतात. त्यावरून आम्ही कुणाला बोलत नाही. साधी उसण चार-आठ दिवसांत तशीही उतरते. पण कळ पोटरीपर्यंत उतरत असेल तर पाठीवर असा जोर घेऊ नका, हे मात्र बजावून सांगतो.

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके हलवून करायचे उपचार, म्हटलं की लोकांना मोबाइलवरचे व्हिडिओ आठवतात, मान फिरवून कट्‌कन आवाज काढणारे. अमेरिकेत १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली आणि हाताचा झटका तिच्यात आहेच. पण दोन भागांत हलणाऱ्या टेबलावर कंबरेला सावकाश ताण देण्याची सौम्य रीतही त्याच परंपरेतली. आम्ही तीच धरली. मानेला झटका आमच्याकडे दिला जात नाही. त्यातून मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं क्वचित घडतं, पण घडतं, आणि तेवढा धोकाही आम्हाला नको.

पुढे कर्ज काढून डीकॉम्प्रेशन टेबल आणलं, म्हणजे मोटरने मणक्याला ताण देणारं टेबल. इन्व्हर्टर त्याच्या आधी घेतला, कारण इथल्या मे महिन्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि पट्ट्यात बांधलेला माणूस अर्ध्यात अडकायला नको. ताण येतो, थोडा टिकतो, सैल होतो. कंबरेला रुग्णाच्या वजनाच्या साधारण पाव भागापासून सुरुवात, मानेला चार-पाच किलोंपासून. थांबवायचं बटण रुग्णाच्याच हातात. पहिल्यांदा झोपणाऱ्या आजींना आम्ही ते आधी दोनदा दाबून बघायला लावतो, मगच पट्टे आवळतो.

या टेबलाने सगळं बरं होतं असं आम्ही कधीच म्हटलं नाही. कंबरदुखीवर नुसत्या ट्रॅक्शनचा फारसा फायदा दिसत नाही, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. गादी सरकल्याचं दुखणंही बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरत जातं. तरी टेबल ठेवलं, कारण काहींना त्यावर तात्पुरतं मोकळं वाटतं आणि तेवढ्या उसंतीत ते व्यायामाला तयार होतात. आमचा खरा भर व्यायामावर आहे. दोन-तीन खेपांत फरक दिसला नाही तर टेबल बंद. वीस खेपांचं पॅकेज आम्ही विकत नाही. हप्ते फेडताना ते जड गेलं, पण रावेरकडून एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला उगाच बोलावणं आमच्याच्याने होत नाही.

काहींना तर टेबलावर घेतच नाही. ठिसूळ हाडं, मणक्याचा क्षय किंवा कर्करोग, नुकतं मोडलेलं हाड, गर्भारपण, यांत ताण द्यायचा नसतो. लघवीवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर आमच्याकडेही थांबू नका. त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे जा. अशांना आम्ही स्वतः फोन करून पुढे पाठवतो.

आता केळीच्या टोळ्यांच्या मुकादमांशी बोलणं चालू आहे. मोठा घड दोघांनी उचलावा, खांदा आलटून पालटून बदलावा, एवढंच आमचं म्हणणं. दोन टोळ्यांनी ते मनावर घेतलंय. येत्या हंगामात बागेत जाऊनच दाखवणार आहोत.