४० च्या ट्रेनरवर ४६: आधी पंख, मग इंजिन

रिमोटवर उडवायच्या शिकाऊ मॉडेल विमानाचं, म्हणजे ट्रेनरचं, काम पुढे सरकलंय. पंखाचे दोन्ही भाग जोडले, मधल्या सांध्यावर ग्लास क्लॉथची पट्टी तीस मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सी गोंदानं बसवली. आपल्याकडच्या उन्हात हे इपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी घट्ट व्हायला लागतं, म्हणून ते काम सकाळीच उरकलं.

इंजिनावरून मात्र वाद चालूच आहे. मॉडेल ४० साइजच्या, म्हणजे साडेसहा सीसीच्या इंजिनाचं. राळेगावकडचा आमचा उडवणारा दोस्त अडून बसलाय, "भाऊ, ४६ च लाव. मे महिन्यात ४० दमते." त्याचं अगदीच चूक नाही. पारा ४५ ला गेला की १५ अंशांच्या मानानं हवा जवळपास दहा टक्के विरळ होते. इंजिनाचा जोर उतरतो, पंखाची उचलही उतरते. पण डिसेंबरच्या सकाळी तीच ४६, म्हणजे साडेसात सीसी, पुऱ्या जोरात येते आणि पंख तोच असतो. उन्हाळ्यासाठी घेतलेल्या इंजिनाचा हिशेब थंडीतच करावा लागतो.

आता आकडे. पंख मोडतो तो वेगानं, सीसीनं नाही. हे विमान ताशी ३० किमीला स्टॉल होईल, म्हणजे त्याखाली पंखाची उचल पुरणार नाही, असं धरलंय. ताशी ९० ला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) एकदम ओढलं तर पंखावर ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट भार, येऊ शकतो, ताशी १२० ला १६. सरळ उडताना ४६ नं वेग थोडाच वाढतो. ताकद दुप्पट केली तरी वेग सव्वापटच होतो. खरा घात होतो तो थ्रॉटल न काढता नाक खाली घातल्यावर, आणि नवशिका नेमकं तेच करतो.

म्हणून पंखालाच विचारलं. विमान तयार होऊन २.२ किलोचं होईल, त्यातला पंख ६०० ग्रॅम. उरले १.६ किलो, गुणिले ९, म्हणजे साडेचौदा किलो. पंख उलटा करून फक्त बुडाच्या जागेवर टेकवला आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत रेती भरून दोन्हीकडे सारखी मांडत गेलो. पाहायची जागा खालची, कारण दाब पंखाच्या वरच्या अंगावर येतो आणि उलट्या पंखाचं ते अंग जमिनीकडे असतं. टॉर्च लावून पाहिलं तर सांध्याजवळ फिल्मवर (पंखावर इस्त्रीनं चिकटवलेलं प्लास्टिकचं आवरण) तिरप्या बारीक सुरकुत्या. रेती काढली तशा त्या गेल्या. लाकूड कुठं करकरलं नाही. ९ जी पास. १६ साठी पंचवीस किलोच्या वर रेती लागेल. ते धाडस या पंखावर करणार नाही.

फिल्मचं एक सांगतो. ती नुसती शोभेची नाही, पंखाचा पीळ तीच धरते. उन्हात ढिली पडली की पंख पिळवटतो आणि वेगात एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) फडफडायला लागतात. भर्रर्र आवाज आला की आधी थ्रॉटल खाली. मी तर उन्हाळ्यात उडवण्याआधी इस्त्री फिरवूनच निघतो.

शेवटी दोस्ताची ४६ घेतली, पण प्रोपेलर माझ्या मर्जीचा: १२×४, म्हणजे १२ इंच व्यास आणि ४ इंच पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर). अकरा हजार आरपीएमला ६ इंची पिचचा वेग ताशी शंभरच्या आसपास जातो, ४ इंची पिचचा ६७ च. मोठ्या व्यासामुळे उचलताना ओढ भरपूर, उन्हाळ्याचं काम भागतं आणि सरळ उड्डाणात वेगाला लगाम. सूर मारताना थ्रॉटल काढायचं ते काढायचंच, तिथं पिच वाचवत नाही.

फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती नाकातली भिंत, ६ मिमी प्लायची, मागून तिकोनी बाल्सा पट्ट्या आणि टी-नट (लाकडात रुतणारे नट). इंजिन माउंटच्या भोकांत पातळ इपॉक्सी मुरवलंय, नाहीतर तेल प्लायमध्ये शिरून सगळं सैल करतं. नाकावर वजन वाढल्यानं बॅटरी शेपटीकडे सरकवली, तोल साधायला शिसं लागलं नाही.

बारा इंची प्रोपेलर आपल्या ई-क्लासच्या (सरकारी गायरानाच्या) ढेकळांना घासेल, तेव्हा नोज गिअरची, म्हणजे पुढच्या चाकाची, तार बदलून लांब बसवायची आहे. ती झाली की टाकी, मग इंजिनाचं रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू चालवून बसवणं. कापसाच्या पराट्या उपटून झालेलं सपाट वावर कुणाचं असेल तर कळवा राजेहो.