वैमानिकाचा पगार: भांडण हमीच्या तासांचं

विडीची मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे, असते हे सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला सांगावं लागत नाही. ब्रँचमधून, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेतून, पान-तंबाखू कमी मिळाला की हात कितीही चपळ असो, मजुरी घटतेच. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भागही असाच नगावर चालतो. होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला जाणारं एटीआर विमान पाहून मुलाला पायलट करायचं ठरवणाऱ्या पालकांनी हे आधी समजून घ्यावं.

इथे नग म्हणजे उड्डाणाचा तास. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू, उतरून जागेवर उभं राहिलं की बंद. उड्डाणं कमी झाली तर घर चालावं म्हणून करारात हमीचे तास असतात. तेवढ्यांचे पैसे मिळणारच. मंदीत कात्री लागते ती बहुधा याच आकड्याला. २०२० च्या कोविडकाळात ‘विस्तारा’ या विमान कंपनीने ही हमी महिन्याला ७० तासांवरून २० वर आणली. २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन होण्याआधीचा नवा करार ४० तासांचा होता, आणि त्या एप्रिलमध्ये वैमानिकांअभावी विमानं रद्द झाली.

समजा तासाला ४,००० रुपये दर आहे. ७० तासांचे २,८०,००० होतात, ४० चे १,६०,०००, २० चे फक्त ८०,०००. दर तोच, तरी दोन लाख गेले. प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून नेमणूकपत्रात दराआधी हमीचा आकडा बघा, आणि तो एकतर्फी बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय का, तेही.

संघटनेचं बळ इथेच लागतं, आणि फूट पडते तीही इथेच. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. २०११ मध्ये त्यातल्या एका संघटनेने समान वेतनासाठी संप केला. २०१२ मध्ये दुसरीने ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणात पहिलीचे वैमानिक वाटेकरी नकोत म्हणून ५८ दिवस काम थांबवलं. दोन्ही वेळा संघटनेची मान्यता गेली. एकाचा हक्क दुसऱ्याला तोटा वाटू लागला की व्यवस्थापनाला काही करावंच लागत नाही. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

सगळ्यांनी मिळून रजा टाकणं ही जुनी वाट आता अवघड झाली आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संपच धरली जाते, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. राजीनामाही झटपट नाही: डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमात कमांडरला, म्हणजे मुख्य वैमानिकाला, एक वर्षाची नोटीस, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. पण त्या काळात कंपनीने पगार कापला तर लवकर सुटका मागता येते. 

कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला. दिवाळखोरी कायद्यात कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांचीच, तीही त्यांच्यानंतर. त्यामुळे वैमानिक ‘कामगार’ ठरतो की नाही, यावर लाखो रुपये अवलंबून असतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे या वाटणीत येत नाहीत, ते कर्मचाऱ्यांसाठी वेगळे राहतात. दावा मांडताना नेमणूकपत्र, दरमहाच्या पगारपावत्या, लॉगबुकच्या (उड्डाणतासांच्या नोंदवहीच्या) प्रती आणि कपातीला त्याच महिन्यात दिलेली लेखी हरकत कामी येते. हे सगळं घरी ठेवा. कंपनीचं ई-मेल खातं एके दिवशी बंद होतं.