गुहेतला वाघ

वय ४२, एका गुडघ्याला बेल्ट, आणि मी अजून दिवाळीत किल्ला करतो. बायको म्हणते, पोरांसाठी करतो असं लोकांना सांगत जाऊ नकोस, पोरं अर्ध्यातून क्रिकेट खेळायला पळतात आणि चिखलात तू एकटाच बसलेला असतोस. खरंय ते.

यंदा सोसायटीतल्या पोरांनी राजगड ठरवला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले ना, ११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून पोरं भलतीच अभ्यासू झालीयेत. पाचवीतला एक जण मला संजीवनी माचीचा चिलखती बुरूज समजावत होता, काका बाहेरची भिंत पडली तरी आत दुसरी असते. प्रिंटआऊट, मोजपट्टी, तीन माच्या कुठल्या दिशेला, सगळं रेडी. कौतुकच आहे हो, पण मी डब्यातून माझा वाघ काढला तर म्हणे काका, स्केलमध्ये नाहीये.

स्केल!

आमच्या किल्ल्याला नावच नसायचं. विटांचा ढीग, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत जंगल तयार. महाराज सिंहासनावर, खाली मावळे, भाजीवाली, बँडवाला, साबणाच्या डबीचं तळं, तळ्यात मगर, आणि रांगोळीने आखलेल्या रस्त्यावर लाल एसटी. शिवकाळात एसटी कुठली असं कोणी विचारलं नाही, महाराजांना भेटायला गावाकडची माणसं येणार तर एसटी नको? आणि गुहेत वाघ, राजवाड्याहून मोठा. मातीचाच, आता एक कान तुटलाय.

यात खरी मजा कशात माहितीये का, पोटावर पालथं पडायचं, गाल जमिनीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि महादरवाज्यातून आत बघायचं. तसं बघितलं की अळिवाची काडी झाड होते, तिच्या टोकावरचा पाण्याचा थेंब केवढातरी मोठा दिसतो आणि एखादा मुंगळा आला तर छातीत धस्स होतं. मी अजून बघतो तसं. फक्त आता उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो, परवा वॉचमनने दिला, काय हरवलं का साहेब म्हणाला, मी म्हटलं हो, चावी.

रात्री सगळे गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चमध्ये सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, बोटाने थोडं मोठं केलं आणि वाघ बसवला. मावेना, शेपूट बाहेर.

सकाळी परीक्षक आले. बाकी सगळ्याला वा वा, फक्त वाघापाशी थांबून चष्मा वर केला आणि वहीत काहीतरी लिहिलं. आमचा दुसरा नंबर आला. पोरं दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

पुढच्या वर्षी पन्हाळा करायचाय म्हणे. तिथे अंबरखान्यात गंगा कोठी आहे, धान्याचं भलंमोठं कोठार. वाघ आरामात मावेल, शेपटीसकट.