नॉयर मार्क्टवरचा डी मायनर

व्हिएन्नाच्या नॉयर मार्क्ट चौकात आज जिथे मोठं हॉटेल आहे, तिथे पूर्वी मेलग्रुबे नावाची इमारत होती. 11 फेब्रुवारी 1785 च्या शुक्रवारी संध्याकाळी संगीतकार मोझार्टने आपला विसावा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एक पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, तिथे पहिल्यांदा वाजवला. वय 29. रचना आदल्याच दिवशी पूर्ण झालेली. वडील लिओपोल्ड नेमके त्याच दिवशी व्हिएन्नात पोचले. त्यांनी मुलीला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे: ते आले तेव्हा नकलनवीस अजून वादकांच्या प्रती उतरवत होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्यात मोझार्टला शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही सवड मिळाली नव्हती!

मोझार्टच्या एवढ्या पियानो कॉन्चेर्टोंमध्ये मायनर, म्हणजे उदास, गडद छटेच्या स्वरातले फक्त दोन, आणि त्यातला पहिला हा, डी मायनरमधला. मला तो इथल्या सगळ्या संगीतात जवळचा वाटतो, ते त्याच्या सुरुवातीमुळे. व्हायोलिन आणि व्हिओला हळू आवाजात एकच स्वर पुन्हा पुन्हा घेतात, पण मात्रेवर नाही, मात्रेच्या अध्येमध्ये. खालून चेलो आणि डबल बास तीन-तीन सुरांची झटकन वर जाणारी फेक टाकत राहतात. गुणगुणता येईल अशी धूनच नाही. नुसती अस्वस्थता, आणि मग एकदम सगळा ऑर्केस्ट्रा नगाऱ्या-तुताऱ्यांसकट कोसळतो.

हे वादळ ओसरल्यावर पियानो येतो, जवळजवळ एकटाच, आणि जे आत्तापर्यंत वाजलं त्यातलं काहीच म्हणत नाही. त्याचं वाक्य वेगळं, साधं, थोडं विनवणीचं. पुढे सुरुवातीचं वादळ परततं तेव्हाही पियानो त्यावरून नुसती सुरावट धावती ठेवतो. मला वाटतं, हे वाद्याच्या स्वभावातूनच आलं असावं. व्हायोलिनचा गज स्वर धरून ठेवू शकतो, त्या काळच्या हलक्या, लाकडी चौकटीच्या पियानोचा स्वर मात्र उमटल्याबरोबर विरायला लागायचा. ती मात्रेबाहेरची धडधड पियानोला पेललीच नसती. मोझार्टने ही उणीव लपवली नाही, तिच्यातूनच एक एकटं पात्र उभं केलं. आपण जुगलबंदीत एकाने टाकलेली जागा दुसऱ्याने उचलण्याची वाट बघतो. इथे दोघं एकमेकांचं ऐकतात, पण आपापलंच बोलतात. पहिला भाग संपतोही अगदी हळू, काही न मिटता.

दुसरा भाग, रोमान्स, शांत आहे. मधे मात्र अचानक जी मायनरची झोड उठते, त्यामुळे बेसावध राहू नका.

कॅडेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबून वादकाला मोकळं सोडतो ती जागा. मोझार्टने या कॉन्चेर्टोसाठी लिहिलेली कॅडेन्झा आपल्यापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे बहुतेक वादक बेथोव्हेनने नंतर लिहिलेली वाजवतात. ती ऐकताना दुसराच माणूस खोलीत आल्यासारखं कळतं. दणकट आहे, उत्तम आहे, पण मला नव्या वादकांनी स्वतःची वाजवलेली जास्त आवडते, कारण मुळात ती जागा तयारीची नव्हे, त्या क्षणी सुचण्याची होती.

आणि शेवट. तिसरा भाग रागावूनच सुरू होतो, पण अखेरीस उजळ छटेच्या डी मेजरमध्ये जातो आणि ओबो, बासून, हॉर्न, तुताऱ्या ही सगळी फुंकवाद्यं आनंदात येतात. काहींना हा शेवट वरवरचा वाटतो, मेलग्रुबेतल्या वर्गणीदार श्रोत्यांना खूश करून घरी पाठवणारा. मला तसं अजिबात वाटत नाही. ती आनंदी धून याच भागात आधी येऊन मायनरमध्ये झाकोळलेली असते. तिला परत उजेडात आणताना मोझार्टने काही फुकट दिलेलं नाही.

व्हिएन्नाला आलात तर मूझिकफेराइन या संगीतगृहाच्या सोनेरी सभागृहात मागे उभं राहून ऐकायची तिकिटं स्वस्त असतात. तोवर घरी अर्धा तास काढा, दिवे घालवा आणि पियानो येईपर्यंत फोनला हात लावू नका.