भिंतीवरचं सरपण

आम्हा धुळेकरांचं समुद्राशी नातं म्हणजे तीन-चार वर्षांतून एखादी कोकणची सहल, आणि परत आल्यावर महिनाभर गाडीतून निघणारी वाळू. तरी लेकीला तिच्या खोलीच्या भिंतीवर समुद्रच हवा होता. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. करड्या, गुळगुळीत काटक्या सुतळीत शिडीसारख्या ओवलेल्या, मधे मधे शिंपले लोंबताहेत. म्हणे ‘कोस्टल वॉल डेकोर’. किंमत अडीच हजार. अडीच हजारांत पाच काटक्या! म्हटलं, थांब बाई, काटक्या आपल्या गावालाही मिळतात.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीकाठी. वर भुसावळकडे हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे आभाळ कोरडं असलं तरी नदी फुगते. पाणी ओसरलं की काठावर पुराची रेघ राहते. तिच्यात काय नसतं? एकेकट्या चपला, औषधाच्या बाटल्या, पऱ्हाट्या, बाभळीची मुळं. आम्ही गेलो तेव्हा कुणाच्या तरी पूजेतला नारळही होता. त्या अख्ख्या रेघेत किनारपट्टीचा म्हणावा असा तोच एक. बाजारातून इथवर आला आणि आता नदीने परत घरी निघाला होता.

लेक गोळा करत सुटली. काठावर बसलेले चुलतसासरे तिच्या हातातली एकेक काटकी घेऊन दगडावर आपटायचे. ठण्ण वाजली तर ठेवायची, भद्द वाजली तर आतून कुजकी. मी अंजनाचं लाकूड मिळेल का विचारलं, तर हसले. “अंजन पानीमा बुडस व.” खरंच की! सातपुड्यातलं ते लाकूड पाण्याहून जड. पुरात तरंगत येतं ते हलकंसलकं. भारी माल नदी तळाशीच ठेवते.

घरी आल्यावर खरं काम. काळा गाळ लाकडाच्या भेगांत असा बसलेला की जुना टूथब्रश झिजला, तरी तो सुटेना. दोन दिवस बादलीत भिजवलं, घासलं, मग गच्चीवर टाकलं. भाद्रपदातलं ऊन बेभरवशाचं. आभाळ आलं की पळत वर जायचं. तिसऱ्या दिवशी त्यातून मुंग्यांची रांग निघाली आणि आमच्या घरातून थोडी आरडाओरड. वाळायला महिना गेला.

एक चूक सांगून टाकते. सगळ्यात देखण्या काटकीला मी पॉलिशपेपर मारला. दहा मिनिटांत ती पिवळट-तपकिरी झाली, थेट नव्या लाटण्यासारखी. करडा रंग म्हणजे नुसती वरची साल असते. उन्हाने लाकडाला बांधून ठेवणारं लिग्निन सुटतं, पाणी ते धुऊन नेतं, आणि वर उरतात ते करडे तंतू. नदीने आणि उन्हाने मिळून केलेलं काम मी काचकागदाने पुसलं होतं. ती काटकी आता कुंडीतल्या मिरचीला आधार आहे.

लेकीची तक्रार वेगळीच. फोटोतल्या लाकडाला बारीक भोकं होती, आपल्या लाकडाला नाहीत. ती भोकं समुद्रातल्या जहाजकिड्याची. नाव किडा, पण जातीने शिंपल्यांचाच भाऊबंद. लाकूड आतून पोखरत जातो. तो खाऱ्या पाण्यातला, तापीत कुठून येणार? शेवटी तिच्या बापाने ड्रिल मशीनने भोकं पाडून दिली. सुतळी ओवायला तशीही लागणारच होती. गुहागरचे शिंपले लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पडून होते, ते लावले.

पण मला त्या लाकडांचंच कौतुक वाटतं. गोदावरी, कृष्णा, भीमा साऱ्या पूर्वेकडे पाठवतात, बंगालच्या उपसागराकडे. तापी मुलताईहून निघते ती ७२४ किलोमीटर पश्चिमेला चालत सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ही लाकडं निघाली होती समुद्राकडेच. पोचली असती का? वाटेत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकामागून एक बॅरेज, आणि खाली गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई धरण. तिथवर जाऊन अडकण्यापेक्षा आमच्या भिंतीवर बरी.

सासूबाईंना हे काही पटलेलं नाही. पहिल्या दिवशी दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, “हाई सरपण भितवर काबरं टांगेल शे?” लेकीने समजावलं, की आजी, हा समुद्र आहे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या की होळीपर्यंत राहू दे. होळी गेली. दोन होळ्या गेल्या. काटक्या आहेत तिथेच. अधूनमधून खालच्या टेबलावर चिमूटभर काळी माती सांडते, ती लेक पुसते.

परवा बातम्यांत हतनूरचे दरवाजे उघडलेले दाखवले. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, “पूर उना व! तुले आखो लाकडे लागतीन का?”