'स्पॅनिश येत असल्यास प्राधान्य'

गुरुवार, रात्री

अमेरिकेतल्या नोकरीच्या जाहिरातींत ही ओळ इतकी सरसकट येते, की ती नेमकी कशासाठी घातली हे कुणी विचारतही नाही. तिथे चार कोटींहून जास्त माणसं घरात स्पॅनिश बोलतात. टेक्सासमधल्या दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर स्पॅनिश येणारं माणूस हवंच, याबद्दल मनात शंका नाही. पण प्राधान्य द्यायचं तर आधी भाषा तपासावी आणि मग तिचे पैसे द्यावेत. नुसती ओळ छापणं मला पटत नाही.

'येते' म्हणजे किती येते? औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत 'वन्स' (once) लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून एकदा. तीच चार अक्षरं स्पॅनिश वाचणारा 'ओन्से' अशी वाचतो, आणि ओन्से म्हणजे अकरा. रुग्ण म्हणतो, 'बोका देल एस्तोमागो' दुखतंय. शब्दशः ते पोटाचं तोंड. त्याला म्हणायचं असतं छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या भागात. 1980 साली फ्लोरिडात विली रामिरेझ हा 18 वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आला. घरचे म्हणाले, 'इंतोक्सिकादो', म्हणजे खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी त्याचा अर्थ नशा असा घेतला आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. व्यावसायिक दुभाष्या बोलावलाच नव्हता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

म्हणून आडनावावरून भाषा गृहीत धरणाऱ्यांची फार चीड येते. घरी आजीशी स्पॅनिश बोलणारी, पण सगळी शाळा इंग्रजीत झालेली मुलगी संमतिपत्र वाचताना अडखळते. न्यू जर्सीत वाढलेल्या आपल्या मराठी मुलांचंही तेच: वरणभाताची मराठी येते, विम्याच्या अर्जाची नाही. ग्वाटेमालाहून आलेल्या कित्येकांची मातृभाषा तर स्पॅनिश नसून माम किंवा किचे ही तिथली मूळ भाषा असते. अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसारही 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला राष्ट्रीय मूळ पाहून माणूस निवडता येत नाही. कामाला भाषा खरोखर लागत असेल तर तिची अट घालता येते. मग भारतात स्पॅनिश शिकलेला उमेदवारही तितकाच पात्र.

तपासायला वीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं फोनवर खऱ्या कामातला प्रसंग: तक्रार ऐकायची, वेळ द्यायची, नाव आणि जन्मतारीख परत वाचून दाखवायची. तारखेत पहिला दिवस, मग महिना, ही स्पॅनिश रीत. अमेरिकन अर्जात उलटं, आणि इथेच चुका होतात. पुढची दहा मिनिटं एका परिच्छेदाचं लेखी भाषांतर, तेही फक्त कामात लिहावं लागत असेल तरच. वयस्क माणसाशी 'तू' न म्हणता 'उस्तेद' म्हणतो का, तेही ऐकावं. आपल्याला 'तुम्ही'चं मोल सांगायला नको. परीक्षक मात्र ती भाषा पक्की येणारा हवा. मुलाखतीत 'ओला' (म्हणजे नमस्कार) म्हणवून घेणं म्हणजे परीक्षा नव्हे.

पैशाचा मुद्दा सगळ्यात दुखरा. खिडकीवरच्या एकीला स्पॅनिश येते म्हटल्यावर शेजारच्या तिघींचे फोन तिच्याकडे वळतात. तिचं स्वतःचं काम पडून राहतं आणि वर्षअखेरीला 'संथ' असा शेरा मिळतो. भत्ता द्यावा, आणि दुभाषेपणात गेलेले तास तिच्या कामाच्या कोट्यातून वजाही करावेत. नुसत्या भत्त्याने हा अन्याय भरून येत नाही.

ओळ छापण्याआधी दोन आठवडे साध्या वहीत रेघा ओढाव्यात: स्पॅनिश फोन किती, कुठल्या पाळीत, प्रत्येकी किती मिनिटं. आठवड्याला दोन-तीन येत असतील तर मिनिटावर पैसे घेणारी फोनवरची दुभाषी सेवा पुरे, उमेदवाराला अडवायचं कारण नाही. रोज वीस येत असतील तर एका पाळीला दोघं हवीत, कारण एकटी असलेली रजेवर गेली की सगळी रांग थांबते.